पाकोळ्यांची वाट

दिवेलागणीच्या वेळीं ओसरीवर क्षणभर थांबून आकाशाकडे पाहणारा मनुष्य हल्लीं विरळाच. वडील मंडळी दूरदर्शनच्या बातम्यांत, मुलें अभ्यासांत किंवा भ्रमणध्वनींत, गृहिणी स्वयंपाकघरांत, असा तो समय निघून जातो. तथापि याच अर्ध्या घटकेंत आपल्या डोक्यावर एक मोठी पाळी बदलत असते. कावळे, साळुंक्या, पोपट आपापल्या झाडांवर परततात. आणि भिंतींच्या भेगांतून, छपराच्या वळचणीखालून, देवळाच्या शिखरांतून दुसरी एक सेना कामावर निघते. ही सेना पाकोळ्यांची. तिच्या या नित्याच्या जाण्यायेण्याविषयीं चार गोष्टी यंदाच्या अंकांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम नांवाविषयीं थोडेंसें. वडा-पिंपळावर उलटीं लटकणारीं, फळें खाणारीं तीं मोठीं वटवाघळें. आणि घरांच्या आश्रयानें राहणाऱ्या, किडे खाणाऱ्या त्या लहान पाकोळ्या, असा भेद आपले लोक पूर्वींपासून करीत आले आहेत. कांहीं भागांत पाकोळी हें नांव एका पक्ष्यासही देतात. आम्ही येथें तें लहान वटवाघळाच्याच अर्थानें वापरीत आहों. संस्कृतांत अमरसिंहानें आपल्या कोशांत हिला 'जतुका' व 'अजिनपत्रा' अशीं नांवें दिलीं आहेत. अजिन म्हणजे कातडें, पत्र म्हणजे पंख. कातड्याचे पंख असलेली ती अजिनपत्रा. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीं या प्राण्यांच्या गणास जें ग्रीक नांव दिलें त्याचा अर्थ 'हाताचेच पंख झालेले' असा होतो. दोन्ही नांवें एकत्र वाचलीं म्हणजे या प्राण्याची रचना ध्यानांत येते: हाताचीं बोटें लांबलीं, त्यांवर पातळ कातडें ताणलें गेलें, आणि पिलांस दूध पाजणारा एक प्राणी आकाशांत उडूं लागला. हा पक्षी नव्हे, हें मुलांस आवर्जून सांगावें.

वर्ध्याकडील वाचकांस सिंदी मेघे कोठें आहे हें सांगणें नको. इतरांसाठीं एवढेंच कीं, सेलू तालुक्यांतील सिंदी रेल्वे ती ही नव्हे. आमची सिंदी वर्धा शहरास खेटून आहे. सावंगी, पिपरी, बोरगांव यांच्याप्रमाणें 'मेघे' हें उपपद तिच्याही नांवास जोडलेलें आहे. २०११ च्या जनगणनेनें तिची गणना शहरांत केली. शहर पुढें सरकत आहे आणि कपाशी-तुरीचीं वावरें मागें हटत आहेत, अशा संधीवरचें हें ठिकाण. अशा ठिकाणीं पाकोळीचा निवारा गांवांत असतो आणि तिचें अन्न गांवाबाहेर असतें. म्हणून तिच्या वाटेचा प्रश्न येथें जितका स्पष्ट दिसतो तितका तो ऐन शहरांत किंवा ऐन रानांत दिसत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पाकोळीचें घर म्हणजे ती दिवसा लटकते ती भेग एवढेंच नव्हे. निवारा, चरण्याचें रान, आणि त्या दोहोंस जोडणारी वाट या तिन्ही गोष्टी मिळून तिचें घर होतें. एखाद्या कुटुंबाचें घर शाबूत आहे, विहिरीलाही पाणी आहे, परंतु मधली वाट कोणी बंद केली, तर त्या कुटुंबास गांव सोडावें लागेल. पाकोळीचेंही तसेंच आहे. आपण निवारा मोडला तर तें निदान आपल्या ध्यानांत येतें. वाट मोडली तर तें कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

आतां आपल्या घरांत कोण कोण राहतें तें पाहूं. सर्वांत लहान ती इवलीशी पाकोळी. तिचें वजन तीन-चार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या कागदी पाकिटाहूनही कमी. कौलाखालची फट, दरवाजाच्या चौकटीमागची भेग, सिमेंटच्या दोन तुळयांमधील सांधा, एवढी जागा तिला पुरते. तिच्याहून बरीच मोठी ती पिवळसर पोटाची पाकोळी. ही जुन्या इमारतींच्या भेगांत व छपरांत राहते आणि सूर्यास्तानंतर लवकरच बाहेर पडते. जुन्या वाड्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत, तळघरांत व पडक्या देवळांत मोठ्या कानांची एक जात आढळते. सकाळीं ओसरीवर टोळाच्या तंगड्या, पतंगाचे पंख, क्वचित् बेडकाचा पाय पडलेला दिसला तर तें तिच्या रात्रीच्या जेवणाचें उष्टें समजावें. ही भक्ष्य धरून सोईच्या जागीं आणते व तेथें लटकून निवांत खाते. याखेरीज उंदरासारख्या लांब शेपटीची एक जात किल्ल्यांच्या व ओसाड इमारतींच्या अंधारांत राहते. सुबत्तेच्या दिवसांत ती अंगांत चरबी सांठवून ठेवते. आंद्रे ब्रॉसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें मध्य व पश्चिम भारतांतील वटवाघळांचा अभ्यास करून १९६२ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला. आपलीं लेणीं, किल्ले व जुन्या इमारती हीं या प्राण्यांचीं केवढीं मोठीं वसतिस्थानें आहेत हें त्यावरून कळून येतें.

मोठीं वटवाघळें घरांत राहत नाहींत. वड, पिंपळ, चिंच अशा उंच वृक्षांवर त्यांची वस्ती असते. पंख पसरले असतां एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा मीटर भरतील असा हा प्राणी एका रात्रींत कित्येक किलोमीटर जाऊन येतो. तो डोळ्यांनीं पाहतो, नाकानें वास घेतो. पाकोळीप्रमाणें ध्वनीवर विसंबत नाहीं. उंच उडत असल्यामुळें त्याची वाट सहसा अडत नाहीं. वाटेचें खरें संकट आहे तें लहानांचें.

हें संकट समजण्यासाठीं पाकोळी अंधारांत कशी चालते हें समजलें पाहिजे. इटलींतील लाझारो स्पालान्झानी या विद्वान धर्मोपदेशकानें १७९३ सालीं असें पाहिलें कीं, काळोख्या खोलींत घुबडसुद्धां धडपडतें, परंतु पाकोळी मात्र डोळे गेले तरी निर्विघ्न उडते. पुढें लुई ज्यूरीन या स्विस शस्त्रवैद्यानें तिचे कान मेणानें बंद करून पाहिले, तेव्हां ती आपटूं लागली. कानांनीं पाहणें ही कल्पना त्या काळच्या पंडितांस हास्यास्पद वाटली आणि ती गोष्ट तशीच पडून राहिली. अखेर १९३८ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत डोनाल्ड ग्रिफिन व जॉर्ज पिअर्स यांनीं एका यंत्राच्या साहाय्यानें पाकोळीचा, मनुष्यास ऐकूं न येणारा आवाज पकडला आणि दीडशें वर्षांचें कोडें सुटलें. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. पाकोळ्यांचे बहुतेक ध्वनि त्यावर, कांहींचे तर एक लाखाच्याही वर असतात. ती ओरडते, पुढच्या वस्तूवर आपटून ध्वनि परत येतो, आणि त्या प्रतिध्वनीवरून वस्तु किती दूर, केवढी, स्थिर कीं हलती, हें तिला कळतें.

मुलांसाठीं येथें एक सोपें गणित आहे. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. पतंग पाकोळीपासून १७० सेंटिमीटरांवर आहे. तर प्रतिध्वनि किती वेळानें येईल? जाऊन-येऊन अंतर ३४० सेंटिमीटर, म्हणून सेकंदाचा शंभरावा भाग. भक्ष्याच्या अगदीं जवळ गेल्यावर ती सेकंदास दीडशें-दोनशें वेळां आवाज करते. एवढा सूक्ष्म हिशेब एवढ्याशा मेंदूंत होतो, यापरतें आश्चर्य कोणतें?

पण या सामर्थ्यास एक मर्यादा आहे आणि आमच्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. ध्वनि जितका उंच पट्टीचा तितका तो हवेंत लवकर विरतो. यामुळें लहान पाकोळीचा प्रतिध्वनि फार दुरून येत नाहीं. तिचें 'दिसणें' कांहीं मीटरांपुरतें, फार तर थोड्या पावलांपुरतें असतें. मोकळ्या मैदानांत तिच्या आवाजास परतवणारें कांहींच नसतें. दाट धुक्यांत सांपडलेला वाटसरू जसा रस्त्याच्या कडेचें कुंपण धरून चालतो, तशी ती भिंत, झाडांची ओळ, नाल्याचा कांठ किंवा शेताचा धुरा यांना धरून चालते. शिवाय झाडांच्या आडोशास वारा कमी लागतो, तेथें किडेही जमतात, आणि शिकऱ्याच्या व घुबडाच्या दृष्टीपासून बचाव होतो. म्हणजे ती ओळ तिला मार्गदर्शक, छत्र व वाटेंतील उपाहारगृह अशी तिहेरी उपयोगी पडते. हॉलंडमधील निरीक्षकांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस असें दाखविलें आहे कीं, तिकडील लहान पाकोळ्या निवाऱ्यापासून रानापर्यंत जातांना झाडांच्या ओळी व कुंपणें यांच्या लगतच जातात आणि मोकळी जागा शक्य तों टाळतात.

सर्वच जाती अशा आहेत असें मात्र नव्हे. मदुराईच्या परिसरांतील पाकोळ्यांचा अभ्यास गेऱ्हार्ड नॉयवायलर या जर्मन शास्त्रज्ञानें केला, आणि तेथें आकाशाचे जणू मजले पडलेले त्यास आढळले. लांब शेपटीच्या व लांबट अरुंद पंखांच्या जाती झाडांच्या शेंड्यांवरून मोकळ्या आकाशांत शिकार करतात. इवल्या पाकोळ्या त्यांच्या खालीं, झाडांच्या सभोंवतीं. कांहीं जाती थेट पानांच्या गर्दीपाशीं. आणि मोठ्या कानांची ती जात जमिनीलगत. जी जात जितकी खालीं व जितकी मंद, तितकी ती झाडाझुडपांच्या ओळीवर अधिक अवलंबून, असा स्थूल नियम समजण्यास हरकत नाहीं.

स्मरणशक्तीचाही यांत मोठा भाग आहे. इस्राएलांतील संशोधकांनीं २०११ सालीं फळें खाणाऱ्या एका जातीच्या पाठीवर इवलीं यंत्रें बसवून त्यांचा मार्ग टिपला. तीं वटवाघळें गुहेंतून निघून बारा ते पंचवीस किलोमीटरांवरच्या ठराविक झाडाकडे सरळ जात, आणि रात्रीमागून रात्री त्याच झाडाकडे जात. त्यांना ४४ किलोमीटर दूर वाळवंटांत नेऊन सोडलें तरी तीं वाट शोधून आलीं. परंतु खोल द्रोणासारख्या एका दरींतून सोडलीं तेव्हां तीं प्रथम भांबावलीं. कांठावरून सोडलेलीं मात्र सरळ निघालीं. दूरच्या डोंगरांच्या व दिव्यांच्या खुणा त्यांच्या मनांत बसलेल्या असतात, हाच याचा अर्थ. वेळेचें भान तर आमच्याच देशांत तपासलें गेलें. मदुराई येथील विद्यापीठांत एम. के. चंद्रशेखरन् व जी. मारिमुथु यांनीं गुहेच्या काळोखांत पिंजऱ्यांत एकटी ठेवलेली पाकोळीही आपल्या मोकळ्या सोबतिणींच्या जाण्यायेण्याच्या वेळा पाळते, असें १९७८ सालीं दाखविलें. एकत्र कुटुंबांत घड्याळाकडे न पाहतांही जेवणाची वेळ सर्वांस कळते, तशांतलाच हा प्रकार.

आतां हें सर्व सिंदी मेघेच्या भूमीवर लावून पाहूं. सूर्य मावळतो. भेगेच्या तोंडाशीं दोन-चार पाकोळ्या येतात व प्रकाश अजमावून परत फिरतात. पुरेसा अंधार झाला कीं एकेक करून सुटतात. प्रथम भिंतीच्या कडेनें, मग शेजारच्या परसांतील निंबावरून, मग रस्त्याकडेच्या झाडांच्या सावलींतून त्या नाल्याशीं येतात. वाटेंत पाणी दिसलें तर उडतां उडतां पृष्ठभागास ओंठ लावून पितात. नाल्यापुढें पांदण लागते. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठीं सांगतों: दोन्ही बाजूंस बाभूळ, बोर, निंब, हिवर यांची दाटी असलेली, वावरांमधून जाणारी बैलगाडीची जुनी वाट ती पांदण. बैलगाडीसाठीं झालेली ही वाट पाकोळ्यांचा राजमार्ग ठरली. तिच्यावरून त्या पऱ्हाटीच्या व तुरीच्या वावरांत पसरतात, आणि पहांटे त्याच वाटेनें परततात. इवल्या पाकोळीसारख्या जातींचा युरोपांत मोजलेला पल्ला साधारण दीड-दोन किलोमीटरांचा आहे. आपल्या सिंदींतून वावर गांठायला एवढा पल्ला अद्याप पुरतो. परंतु मधला एखादा दुवा निखळला तर तोच पल्ला अपुरा पडेल.

दुवे निखळतात ते दोन कारणांनीं: दिव्यांनीं व रस्त्यांनीं.

दिव्यांविषयीं सर्वसाधारण समजूत अशी कीं, दिव्याभोंवतीं पाकोळ्या घिरट्या घालतात, त्या अर्थीं दिवा त्यांस हितकर. ही समजूत अर्धीच खरी आहे. वेगानें उडणाऱ्या कांहीं जाती दिव्यावर जमलेले किडे टिपतात. परंतु मंद उडणाऱ्या, अंधारप्रिय जाती त्या प्रकाशास भितात, कारण प्रकाशांत शत्रूस त्या दिसतात. इंग्लंडमध्यें ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००९ सालीं अशा एका जातीच्या नित्याच्या कुंपणाच्या वाटेवर मुद्दाम दिवे लावले. त्याबरोबर तिची ये-जा एकदम घटली आणि निघण्याची वेळही लांबली. इमारतीवरच प्रकाश टाकला तर अनर्थ आणखी होतो. हंगेरींत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत प्रकाशित केलेल्या इमारतींतील पिलें अंधाऱ्या इमारतींतील पिलांपेक्षां लहान भरलीं. कारण उघड आहे. सांजवेळेचा पहिला काळ हाच किड्यांच्या सुकाळाचा. बाहेर लख्ख उजेड असल्यामुळें आया उशिरां निघाल्या, तर तो सुकाळ हुकतो आणि पिलांस दूध कमी पडतें. आपल्याकडे देवळांच्या शिखरांवर व सभामंडपांवर रात्रभर झोत सोडण्याची चाल वाढत आहे. देवाला रात्रीं शेजारतीनंतर आपण निजवतों. मग शिखरावरचा झोतही तेव्हां मालवण्यास प्रत्यवाय नसावा.

रस्त्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. शेतकऱ्यास पावसाळ्यांत वावरापर्यंत गाडी नेतां आली पाहिजे, हें कोणीही मान्य करील. त्याचसाठीं महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं मातोश्रींच्या नांवानें शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. चिखलांत बैल रुतलेले ज्यानें पाहिले आहेत तो अशा योजनेस विरोध करणार नाहीं. परंतु पांदण पक्की करणें आणि पांदण बोडकी करणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. दोहों बाजूंचीं झाडें मुळासकट काढलीं म्हणजे गाडीस रस्ता मिळाला, पाकोळीचा मात्र बुडाला. एका बाजूची ओळ राखली तरी दोघांचेंही काम चालतें.

या बाबतींत वर्धेकरांस एक अनुभव ताजा आहे. गांधीजी ज्या गांवीं १९३६ सालीं राहावयास आले आणि ज्यास पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें, त्या गांवाकडे वर्ध्याहून जाणारा रस्ता रुंद करण्यासाठीं २०२० सालीं कडेचे जुने वृक्ष तोडले जाऊं लागले, तेव्हां नागरिकांनीं त्यास विरोध केला. त्या वेळीं बोलणें झालें तें सावलीचें, प्राणवायूचें व गांधीजींच्या स्मृतीचें. तें योग्यच होतें. आम्ही त्यांत एवढीच भर घालतों कीं, अशी वृक्षांची सलग ओळ ही रात्रींच्या प्रवाशांचीही वाट असते. दहा झाडें गेलीं आणि नव्वद राहिलीं तर हिशेबाच्या वहींत तोटा दहांचा दिसतो. पण तीं दहा सलग मधलीं असतील तर वाट शंभराचीही तुटते. झाडांची संख्या मोजणाऱ्यांनीं ओळही मोजली पाहिजे.

मागाहून केलेली दुरुस्ती किती उपयोगी पडते याचेंही उदाहरण आहे. इंग्लंडमध्यें मोठ्या रस्त्यांनीं पाकोळ्यांच्या वाटा तोडल्यावर कित्येक ठिकाणीं रस्त्यावरून तारांचे पूल बांधले, या आशेनें कीं पाकोळ्या त्या तारांच्या आधारानें उंचावरून पलीकडे जातील. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें कीं, पाकोळ्यांनीं त्या पुलांकडे ढुंकून पाहिलें नाहीं. जुन्याच वाटेनें, मोटारींच्या उंचीवरून, जीव धोक्यांत घालून त्या रस्ता ओलांडीत राहिल्या. मात्र जेथें रस्त्याखालचा बोगदा बरोबर त्यांच्या जुन्या वाटेवरच होता, तेथें बहुतेक सर्व पाकोळ्या त्यांतून बिनदिक्कत गेल्या. आपल्या जिल्ह्यांतून जाणाऱ्या समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. त्यावर वन्य प्राण्यांसाठीं वरून व खालून जाण्याचे मार्ग ठेवलेले आहेत. असे मार्ग आंखतांना वाघ-हरणांबरोबर नाले व झाडांच्या ओळीही पाहाव्या, हा इंग्लंडच्या अनुभवाचा धडा आहे. वाट प्राण्यास शिकवितां येत नाहीं; त्याची वाट आपण शिकावी लागते.

कोणी म्हणेल, पाकोळ्यांनीं गांव सोडलें तर आपलें काय गेलें? याचें उत्तर कपाशीनें द्यावें. अमेरिकेंत टेक्सासच्या दक्षिणेकडील आठ जिल्ह्यांत पाकोळ्या बोंडअळीच्या पतंगांचा जो फडशा पाडतात, त्याची किंमत २००६ सालच्या एका अभ्यासांत वर्षास सुमारें ७ लाख ४१ हजार डॉलर काढली आहे. आपल्याकडील हिरवी बोंडअळी ही तिकडच्या त्या अळीची सख्खी बहीण. आणि २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें विदर्भांतील कपाशीचें काय केलें, तें येथील शेतकऱ्यांस विसरतां येणार नाहीं. पाकोळी सर्व अळ्यांचें निवारण करील असा आमचा दावा नाहीं. परंतु अळीची आई रात्रीं उडणारा पतंग आहे, आणि रात्रीं पतंग टिपणारी पाकोळी एका रात्रींत आपल्या वजनाच्या निम्मे, कधीं त्याहूनही अधिक किडे खाते. असा बिनपगारी राखणदार वावरापर्यंत पोंचूं न देणें हा शहाणपणाचा व्यवहार खास नव्हे.

दुसरा आक्षेप रोगांचा. त्याकडे दुर्लक्ष करणें उचित नाहीं. केरळांत २०१८ सालीं निपाह रोगानें बळी घेतले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें २०२१ सालीं महाबळेश्वरच्या गुहेंतील वटवाघळांत त्या विषाणूविरुद्धचीं प्रतिपिंडें आढळल्याचें प्रसिद्ध केलें. भय बाळगावें, पण तें नेमकें असावें. बांगलादेशांत हा रोग पसरला तो मुख्यतः शिंदीच्या कच्च्या रसावाटे. रात्रीं मडक्यावर वटवाघूळ बसे व रस दूषित होई. तेथें उपाय निघाला तो वटवाघळें मारण्याचा नव्हे, तर मडक्याभोंवतीं बांबूचा आडोसा बांधण्याचा. सरकारी कायद्याची दृष्टिही हळूहळू बदलली आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें फळें खाणाऱ्या वटवाघळांस उपद्रवी प्राण्यांच्या यादींत घातलें होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें ती यादीच काढून टाकली. घरांत वटवाघूळ शिरणें हा अपशकुन, ही समजूत मात्र कोणत्याही कायद्यानें जाणार नाहीं. ती आजींनीं नातवंडांस न सांगितली तरच जाईल.

आतां गृहस्थाश्रमी मंडळींनीं करण्यासारख्या कांहीं गोष्टी सांगतों.

पाकोळी खोलींत शिरली तर पंखा व दिवा बंद करावा, खिडक्या उघडाव्या, आणि खोली सोडून जावें. ती आपली आपण जाते. केरसुणीनें झोडपूं नये. उघड्या हातानें कोणीही, विशेषतः मुलांनीं, धरूं नये. चावा किंवा ओरखडा बसलाच तर साबण लावून धारेखालीं धुवावें व त्याच दिवशीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. उष्टें फळ खाऊं नये. विष्ठा सांचली असेल तर कोरडी झाडूं नये. नाकाला फडकें बांधून, पाणी शिंपडून मग काढावी.

भेग बुजविणें अगदीं आवश्यक असेल तर घाई करूं नये. मादीला एका वेळीं एक किंवा दोनच पिलें होतात, आणि तीं उडूं लागेपर्यंत भेगेंतच असतात. आई बाहेर गेलेली असतां गिलावा केला तर पिलें आंत उपाशीं मरतात; त्यांची दुर्गंधी पुढें घरालाच सोसावी लागते. पिलें उडूं लागल्याची खात्री करून, सायंकाळीं सर्व बाहेर पडल्यावर भेग बंद करावी. भेग कोणास त्रास देत नसेल तर ती तशीच राहूं द्यावी, हें अधिक चांगलें.

अंगणांतील दिवा वरून झांकलेला, खालीं पाहणारा असावा, आणि भेगेच्या तोंडावर तर तो मुळींच नसावा. कुंपणाची भिंत घालतांना जुना निंब किंवा चिंच आड आली तर भिंत वळवावी. ग्रामसभेंत पांदणीचा विषय निघाला तर घरांतील एखाद्यानें उठून एका बाजूची झाडें राखण्याचें नांव घ्यावें. एवढें बोलण्यास विद्वत्ता लागत नाहीं. फक्त त्या सभेस हजर राहावें लागतें.

शेवटीं मुलांसाठीं या महिन्याचा पाठ. सात दिवस सूर्यास्ताच्या वेळीं घराच्या एकाच कोपऱ्यावर बसावें. वहींत चार रकाने आंखावे: सूर्यास्ताची वेळ, पहिली पाकोळी दिसल्याची वेळ, पंधरा मिनिटांत दिसलेल्यांची संख्या, आणि त्या कोणत्या झाडावरून किंवा भिंतीवरून कोणत्या दिशेस गेल्या ती दिशा. सात दिवसांनीं घराचा व परिसराचा नकाशा काढून त्यावर तांबड्या पेन्सिलीनें ती वाट दाखवावी. नंतर आजोबांस किंवा आजीस बसवून विचारावें कीं, या वाटेवर पूर्वीं कोणतीं झाडें होतीं. तीं नाहींशीं झालेलीं झाडें हिरव्या टिंबांनीं भरावीं. जेथें टिंबें दाट होतील, तेथें येत्या पावसाळ्यांत एक रोप लावावें, आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याची तारीख लिहून ठेवावी.